दोन देशांतील महागाईची तुलना : भारत आणि अमेरिका

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहक किंमतवाढीचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर पोचला. गेल्या चाळीस वर्षांत त्या देशाने एवढा दर पाहिला नव्हता. त्याच महिन्यात भारतातील दर ७.०१ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले गेले, सभा-संमेलनांतून सांगितले गेले आणि त्यांवरून अनेक निष्कर्षही काढले गेले. "अमेरिकेपेक्षा आपल्याकडे महागाई कमी" असे कोणी म्हटले, "मग आमच्या घरखर्चात ते का दिसत नाही?" असे कोणी विचारले. दोन्ही उद्गारांमागे एकच प्रश्न आहे. दोन देशांतील महागाईचे आकडे एकाच मापाने मोजलेले असतात काय? आणि नसल्यास त्यांची तुलना करावी तरी कशी? महागाई भत्ता, मजुरीचे दर, निवृत्तिवेतन आणि व्याजाचे दर यांच्याशी या आकड्यांचा थेट संबंध असल्यामुळे शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना हा विषय परका नाही.

एकाच वर्षीचा आरंभ

पहिल्या महायुद्धानंतर जगभर किंमती वाढल्या आणि कामगारांचे वेतन त्यांच्या मागे पडले. वेतनाचे तंटे सोडवण्यासाठी "कामगाराचा निर्वाहखर्च किती वाढला?" याचे उत्तर आकड्यांत देणे भाग पडले. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने १९१९ पासून ३२ शहरांचे निर्देशांक प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि १९२१ पासून संपूर्ण देशाचा निर्देशांक नियमितपणे देऊ लागले. योगायोग असा की, त्याच १९२१ साली मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने 'लेबर गॅझेट' सुरू केले आणि मुंबईतील कामगारवर्गाच्या निर्वाहखर्चाचा निर्देशांक काढण्यास आरंभ केला. त्यासाठी जुलै १९१४ चा खर्च १०० धरण्यात आला होता. गिरणगावातील ज्वारी, तांदूळ, रॉकेल आणि खोलीभाडे यांचे भाव त्या काळात नोंदले जात होते, याची आज फारशी कोणाला आठवण नाही.

पद्धत मूलतः तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे. प्रथम कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करावयाची; त्यावरून एक वस्तुसंच ठरवावयाचा; त्यातील प्रत्येक वस्तूस तिच्यावर होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात भार द्यावयाचा; आणि मग ठराविक दुकानांतून ठराविक दिवशी भाव गोळा करून हा संच विकत घेण्यास आता किती पैसे लागतात ते पाहावयाचे. पायाभूत वर्षी लागलेली रक्कम १०० मानली की पुढील प्रत्येक महिन्याचा निर्देशांक मिळतो. आपण ज्यास महागाईचा दर म्हणतो तो म्हणजे या निर्देशांकात गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानाने झालेला शेकडा बदल होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. निर्देशांक किंमतींची वाढ सांगतो, किंमतींची पातळी सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये केस कापण्याचा दर सोलापूरच्या कित्येक पट असेल; पण तो वर्षभर तसाच राहिला आणि सोलापूरचा दहा टक्क्यांनी वाढला, तर महागाई सोलापुरातच झाली असे निर्देशांक म्हणेल, आणि ते योग्यच आहे. "तिकडे सगळे महाग आहे" हे विधान आणि "तिकडे महागाई जास्त आहे" हे विधान यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

कोणाच्या घरातील वस्तुसंच?

तुलनेतील खरी अडचण भारांमध्ये आहे. भारतात २०१५ च्या आरंभापासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या, २०१२ हे पायाभूत वर्ष मानणाऱ्या मालिकेत अन्न व पेये या गटास ४५.८६ टक्के भार होता. ग्रामीण भागाचा वेगळा विचार केला तर हाच भार ५४.१८ टक्के आणि शहरी भागासाठी ३६.२९ टक्के होता. अमेरिकेच्या निर्देशांकात अन्नाचा भार साडेतेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास असतो. उलट, निवाऱ्याचा भार तेथे एकतृतीयांशाहून अधिक आहे. आपल्याकडे या मालिकेत घरभाड्याचा एकत्रित भार अवघा १०.०७ टक्के होता आणि ग्रामीण भागासाठी तर तो मुळीच धरलेला नव्हता, कारण खेड्यांतून भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे थोडी.

उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते. तेव्हा हा फरक अनपेक्षित नाही. पण त्याचा परिणाम किती मोठा होतो ते पाहावे. समजा, दोन्ही देशांत अन्नपदार्थ सारखेच, म्हणजे दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी सर्व भाव स्थिर राहिले. आपल्या ग्रामीण निर्देशांकात त्यामुळे ५.४ टक्क्यांची वाढ होईल; अमेरिकेच्या निर्देशांकात जेमतेम १.४ टक्क्यांची. भाववाढ एकच, आकडे मात्र चौपट अंतराचे. म्हणून पावसाने ओढ दिली, कांद्याचे वा टोमॅटोचे पीक गेले की आपला निर्देशांक दोन-तीन महिन्यांत उसळतो आणि नवे पीक बाजारात आले की तितक्याच वेगाने खाली येतो. अमेरिकेचा निर्देशांक घरभाड्याला बांधलेला आहे. भाडेकरार वर्षाचे असल्याने भाडी सावकाश वाढतात आणि एकदा वाढली की लवकर उतरत नाहीत. एका देशाचा आकडा पावसाबरोबर हलतो, दुसऱ्याचा करारपत्रांबरोबर.

भार किती जुने आहेत यालाही महत्त्व आहे. आपले २०१२ च्या पायाचे भार २०११-१२ च्या कुटुंबखर्च पाहणीवर आधारलेले होते. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्क्यांवर आलेला दिसला. म्हणजे ग्रामीण निर्देशांकात अन्नाला प्रत्यक्षाहून अधिक वजन दिले जात होते. अमेरिकेत २०२३ पासून भार दर वर्षी सुधारले जातात.

घराचे भाडे आणि १९८० चा आकडा

आता एक जुना आकडा घेऊ. १९८० साली अमेरिकेतील महागाईची सरासरी १३.५ टक्के होती आणि भारतातील ११ टक्क्यांहून थोडी अधिक. आदल्या वर्षी, १९७९ मध्येही अमेरिका ११.३ टक्क्यांवर आणि भारत ६ टक्क्यांच्या किंचित वर होता. अमेरिकेची महागाई भारतापेक्षा जास्त असण्याचा प्रसंग २०२२ मध्येच प्रथम आला, असे समजणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

परंतु या आकड्यातही एक मेख आहे. तेव्हा अमेरिकेच्या निर्देशांकात घराची खरेदी-किंमत आणि घरकर्जाचे व्याज हे दोन्ही धरले जात. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांनी फेडरल रिझर्व्हची सूत्रे हाती घेतली आणि महागाई रोखण्यासाठी व्याजाचे दर चढू दिले. व्याज वाढले तसे घरकर्ज महागले, आणि निर्देशांकही वाढला! महागाईवरील औषधच काही काळ महागाई म्हणून मोजले गेले. १९८३ पासून ही पद्धत बदलण्यात आली. घर ही गुंतवणूक आहे, उपभोग्य आहे तो तिच्यातील निवास, असे मानून स्वतःच्या घरात राहणाऱ्याने तेच घर भाड्याने घेतले असते तर किती भाडे द्यावे लागले असते, असे मानीव भाडे धरले जाऊ लागले. या पद्धतीने १९८० ची महागाई मोजली असती तर ती बरीच कमी भरली असती आणि भारताशी असलेले अंतर जवळजवळ मिटले असते. प्रसिद्ध झालेला आकडा मात्र मागे जाऊन बदलला जात नाही, कारण त्यावर करार, वेतन आणि निवृत्तिवेतने ठरलेली असतात. व्होल्कर यांचा उपाय कठोर होता. १९८१ मध्ये अल्पमुदतीचे व्याज वीस टक्क्यांच्या घरात गेले आणि बेकारी वाढली, पण १९८३ मध्ये महागाई ३.२ टक्क्यांवर आली.

निर्देशांक मोजण्याच्या पद्धतीवरून तंटे आपल्याकडेही झाले आहेत. मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. तिची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९६३ मध्ये प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि त्या समितीला निर्देशांकात दोष आढळले. अमेरिकेत १९९६ साली प्रा. मायकेल बॉस्किन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नेमके उलट सांगितले. महाग झालेली वस्तू सोडून ग्राहक दुसरी घेतो आणि वस्तूंचा दर्जाही सुधारतो, हे पुरेसे लक्षात न घेतल्यामुळे निर्देशांक महागाई दर वर्षी सुमारे १.१ टक्क्याने फुगवून सांगतो, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. मुंबईचा कामगार माप अपुरे आहे म्हणत होता, तर वॉशिंग्टनमधील तज्ज्ञ ते जास्त आहे म्हणत होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या ठिकाणी खरे असू शकते, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आरंभीचे वर्ष कोणते धरावे

"काही वर्षांत किंमती किती वाढल्या?" या प्रश्नाचे उत्तर मोजणी कोठून सुरू केली यावर फार अवलंबून असते. १९७२ ते १९७६ हा काळ त्याचे बोलके उदाहरण आहे.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला होता. देशातील अन्नधान्याचे उत्पादन घटले, भाव भडकले. त्यात ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. भारतातील ग्राहक किंमतवाढ १९७३ मध्ये सुमारे १७ टक्के आणि १९७४ मध्ये २८.६ टक्के झाली. जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने काढलेला अध्यादेश जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणीत असेल. वाढीव वेतनाची संपूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत अडकवून बाजारातील मागणी कमी करण्याचा तो उपाय होता. पुढे १९७५-७६ मध्ये पाऊसपाणी उत्तम झाले. आदल्या वर्षीच्या सुमारे १० कोटी टनांवरून अन्नधान्याचे उत्पादन १२ कोटी १० लाख टनांवर गेले आणि १९७६ साली भारतातील किंमती चक्क ७.६ टक्क्यांनी उतरल्या.

अमेरिकेत घटनाक्रम निराळा होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये वेतने आणि किंमती गोठवल्या होत्या. ही नियंत्रणे १९७४ मध्ये संपली तेव्हा दडपून ठेवलेली वाढ तेलाच्या वाढीत मिसळली. १९७४ मध्ये ११, १९७५ मध्ये ९.१ आणि १९७६ मध्ये ५.८ टक्के असे तेथील दर होते. ते कमी झाले, पण किंमती खाली आल्या नाहीत.

आता बेरीज पाहा. १९७२ पासून मोजले तर १९७६ पर्यंत भारतातील किंमती सुमारे ४७ टक्क्यांनी आणि अमेरिकेतील ३६ टक्क्यांनी वाढल्या. १९७३ पासून मोजले तर भारतातील वाढ सुमारे २६ टक्के आणि अमेरिकेतील २८ टक्के! आरंभ एका वर्षाने पुढे सरकवला आणि क्रम उलटला. दोन्ही विधाने खरी आहेत, म्हणूनच तुलना ऐकताना "कोणत्या वर्षापासून?" हा प्रश्न प्रथम विचारावा.

वार्षिक दराच्या बाबतीत हाच प्रकार दर महिन्याला घडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतातील महागाईचा दर सुमारे दीड टक्का होता आणि अमेरिकेचा ३ टक्के. पण सप्टेंबर २०२४ मध्ये आपला दर साडेपाच टक्क्यांच्या जवळ, तर अमेरिकेचा २.४ टक्के होता. उंच पायावरून मोजलेली वाढ लहान दिसते. दोन वर्षांचा एकत्र हिशेब केला तर भारतातील किंमती सुमारे ७ टक्क्यांनी आणि अमेरिकेतील साडेपाच टक्क्यांनी वाढल्या असे निघते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला दर आणखी घसरून पाव टक्क्यावर आला. अमेरिकेशी त्याची तुलना करता येत नाही. अंदाजपत्रकी तरतूद न झाल्याने तेथील शासकीय कामकाज बंद होते आणि त्या महिन्याचे भाव गोळाच केले गेले नाहीत. शंभर वर्षांची परंपरा असलेली मालिकाही अशी खंडित होऊ शकते.

त्रेसष्ट वर्षांचा हिशेब

दीर्घ काळाची तुलना या चढउतारांपासून पुष्कळशी मुक्त असते. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक लेबर ब्युरो काढतो. त्याचा पाया १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ असा बदलत आला. नवी मालिका जुनीशी जोडण्यासाठी जोड-गुणक दिले जातात. ते अनुक्रमे ४.९३, ४.६३ आणि २.८८ असे आहेत. २०२३ साली २०१६ च्या पायावरील निर्देशांकाची सरासरी १३६ च्या सुमारास होती. तिला या तिन्ही गुणकांनी गुणले की १९६० च्या पायावर जवळजवळ ९,००० ही संख्या मिळते. म्हणजे १९६० मध्ये १०० रुपयांत भागणाऱ्या खर्चास २०२३ मध्ये ९,००० रुपये लागत होते. प्रत्येक सांध्याच्या ठिकाणी वस्तुसंच बदललेला असल्यामुळे हे गणित ठोकळ मानावे. तथापि बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षानुवर्षे अशाच साखळीने काढला गेला आहे.

अमेरिकेचा निर्देशांक याच काळात २९.६ वरून ३०४.७ वर गेला. तेथील १०० डॉलरांचा खर्च सुमारे १,०३० डॉलरांवर पोचला. नव्वद पट आणि दहा पट! यावरून दोन देशांच्या वार्षिक दरांत प्रचंड अंतर असले पाहिजे असे वाटते. प्रत्यक्षात सरासरी चक्रवाढ दर काढला तर भारताचा सुमारे ७.४ टक्के आणि अमेरिकेचा सुमारे ३.८ टक्के येतो. अंतर साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे. पण पहिल्या दराने किंमती पावणेदहा वर्षांत दुप्पट होतात, दुसऱ्या दराने साडेअठरा वर्षांत, आणि दुपटीवर दुप्पट चढत जाते. शाळेत चक्रवाढ व्याज शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे. सावकाराच्या कर्जापेक्षा ते विद्यार्थ्यांच्या घराला अधिक जवळचे आहे.

याच आकड्यांतून आणखी एक प्रश्न उद्भवतो. भारतातील किंमती अमेरिकेच्या तुलनेत ८.७ पट अधिक वाढल्या, तर रुपयाचे मूल्यही डॉलरच्या मानाने तितकेच घटावयास हवे होते. १९६० मध्ये एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत. त्या हिशेबाने २०२३ मध्ये ४१ रुपये पडावयास हवे होते. प्रत्यक्षात ८२ रुपयांहून अधिक पडत होते. याचे एक कारण असे की, ४.७६ हा दर परवाने आणि नियंत्रणे यांच्या आधाराने टिकवून धरलेला होता. ६ जून १९६६ रोजी तो एकदम ७.५० करावा लागला आणि जुलै १९९१ मध्ये पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. दुसरे असे की, शिकवणी, दाढी, घरकाम, घरभाडे या सेवा बोटीत भरून परदेशी पाठविता येत नाहीत; त्यांच्या किंमती विनिमय दर ठरवीत नाहीत. म्हणूनच केवळ विनिमय दराने राहणीमान मोजणे चुकीचे ठरते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय किंमत पाहणीनुसार अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू-सेवा भारतात सुमारे २० रुपये ६५ पैशांत मिळत होत्या, तर बाजारातील विनिमय दर ६५ रुपयांच्या वर होता. परदेशातील मुलाचा पगार रुपयांत रूपांतरित करून सांगणाऱ्या पालकांनी हा फरक पाहण्याजोगा आहे.

भत्ता आणि मजुरी

निर्देशांकावर ज्यांचे उत्पन्न अवलंबून आहे त्यांच्याकडे वळू. आपल्याकडे केंद्र आणि राज्य कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून ठरतो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा योजनेची निवृत्तिवेतने १९७५ पासून आपोआप वाढविली जातात आणि त्यासाठीही शहरी श्रमिकांचाच निर्देशांक वापरला जातो. २०२२ च्या महागाईमुळे २०२३ साली ही वाढ ८.७ टक्के दिली गेली. दोन्ही देशांत तक्रारही एकाच प्रकारची आहे. निवृत्त माणसाचा खर्च औषधोपचारावर अधिक असतो आणि त्याचे मोजमाप कामावर जाणाऱ्याच्या खर्चाने होते.

आपल्याकडे याहून दुबळा असा एक वर्ग आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या मजुरीचे दर २०११ मध्ये शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडण्यात आले. या निर्देशांकाचा पाया १९८६-८७ हाच पुढे २०२५ पर्यंत कायम होता आणि त्यात अन्नाचा भार सुमारे ६९ टक्के होता. धान्य आणि भाजीपाला स्वस्त झाला की हा निर्देशांक मंदावे आणि त्याबरोबर मजुरीतील वाढही. पण मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा, एस. टी. च्या तिकिटाचा आणि मोबाइलच्या रिचार्जचा खर्च काही त्यामुळे कमी होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या शेतमजुराच्या घरात यांपैकी काही खर्च नव्हतेच, त्यामुळे त्या जुन्या वस्तुसंचात त्यांना जागाही नव्हती.